आवाज साठवावा कोणत्या मापाने?

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी घरांत भाषा टिकली ती ग्रंथांपेक्षा कानांच्या आधाराने अधिक. इंदूर-ग्वाल्हेरची मराठी, बडोद्याची मराठी, बेळगावची वा हैदराबादची मराठी ह्यांना जो आपापला हेल आहे, शेजारच्या भाषेचा जो हलकासा रंग चढलेला आहे, तो कागदावर उतरत नाही. तो ऐकावाच लागतो. म्हणूनच अशा घरांच्या फडताळात पडून राहिलेल्या जुन्या ध्वनिफितींचे मोल काही निराळे आहे. कोणा आजींच्या जात्यावरच्या ओव्या, मंगळागौरीची गाणी, गणेशोत्सवातले कीर्तन, घरातल्या वडीलधाऱ्यांचे साधे बोलणे – असे कितीतरी त्या फितींवर आहे आणि त्याची दुसरी प्रत जगात कोठेही नाही.

१९६३ साली फिलिप्स कंपनीने आणलेली छोटी कॅसेट पुढे आपल्याकडेही घरोघर पोहोचली. परंतु फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर चिकटवलेली चुंबकीय भुकटी. चिकटवण कालांतराने सुटते, भुकटी झडते, आणि ती वाजवणारी यंत्रेही आता दुर्मिळ झाली आहेत. साहजिकच आज अनेक कुटुंबे आपला हा ठेवा संगणकावर उतरवून घेऊ लागली आहेत. घरातला एखादा मुलगा वा मुलगी संगणकशास्त्र शिकलेली असतेच. तीच ह्या कामासाठी छोटी आज्ञावली लिहून देते. आणि तेथेच, बाहेरच्याला कधी दिसू नये असा एक प्रश्न उभा राहतो: आवाजाचे जे आकडे होतात, ते संगणकाच्या स्मृतीत कोणत्या प्रकारच्या घरांत ठेवायचे? प्रश्न वरकरणी रुक्ष खरा; पण त्याच्या उत्तरावर ओवीचा सूर शाबूत राहणे वा बिघडणे अवलंबून असते. म्हणून तो समजून घेण्यासारखा आहे.

सुराचे आकडे होतात कसे?

नदीच्या घाटावर बसून कोणी ठरावीक अंतराने पाण्याची उंची वहीत टिपत राहावी आणि पुढे त्या वहीवरून पुराचा चढउतार रेखाटावा, तशीच ही क्रिया आहे. आवाज म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. ध्वनिग्राहक त्याचे विजेच्या चढउतारात रूपांतर करतो आणि एक यंत्र ठरावीक क्षणांनी त्याची उंची मोजून आकडा लिहीत जाते. अशा एकेका आकड्याला ‘नमुना’ म्हणू.

नमुने किती वेळा घ्यावेत? हॅरी नायक्विस्ट ह्यांचे १९२८ चे आणि क्लॉड शॅनन ह्यांचे १९४९ चे संशोधन सांगते की ज्या सर्वांत उंच कंपनसंख्येचा आवाज टिपायचा, तिच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप झाले पाहिजे. माणसाच्या कानाची धाव सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंत. म्हणून १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर सेकंदाला ४४,१०० नमुने, तेही डाव्या आणि उजव्या बाजूचे स्वतंत्र, घेतले जातात. एका मिनिटाच्या ध्वनिमुद्रणाचे ५२ लाख ९२ हजार आकडे होतात ते ह्यामुळे.

पायली, शेर आणि चिपटे

आता प्रत्येक आकडा केवढ्या मापात बसवायचा? आपल्या जुन्या घरांत धान्य मोजायला पायली, अधोली, शेर, मापटे, चिपटे अशी लहानमोठी मापे असत. संगणकातही तसेच आहे. तेथील मापांचे एकक ‘बिट’. आठ बिटांच्या मापात २५६ निरनिराळे आकडे मावतात. सोळा बिटांत उणे ३२,७६८ पासून अधिक ३२,७६७ पर्यंत. चोवीस बिटांत उणे ८३,८८,६०८ पासून अधिक ८३,८८,६०७ पर्यंत. प्रत्येक बिटागणिक मंद आणि मोठ्या आवाजातील टिपता येणारे अंतर सुमारे सहा डेसिबेलांनी वाढते. सोळा बिटांना ते ९६ डेसिबेल, तर चोवीस बिटांना १४४ डेसिबेलांच्या आसपास जाते. ओवी म्हणता म्हणता आजींचा आवाज कुजबुजीइतका खाली येतो, त्या वेळी हा फरक उपयोगी पडतो. कारण लहान मापाच्या पायऱ्या ठसठशीत असतात आणि मंद आवाजाच्या वाट्याला त्यांतल्या मोजक्याच येतात.

ह्याखेरीज एक निराळे माप आहे. त्यात दशांशचिन्ह पुढेमागे सरकू शकते, म्हणून त्याला तरंगत्या चिन्हाची संख्या म्हणतात. १९८५ साली तिचे प्रमाणीकरण झाले. बत्तीस बिटांच्या तरंगत्या संख्येत चोवीस बिटांपर्यंतचे सर्व पूर्णांक तंतोतंत बसतात. म्हणजे सोळा किंवा चोवीस बिटांचा नमुना तिच्यात घातला आणि पुन्हा काढला, तर कणभरही सांडत नाही. बत्तीस बिटांचा पूर्णांक मात्र तिच्यात पुरता मावत नाही. त्यासाठी चौसष्ट बिटांची मोठी पायलीच लागते.

येथे एक गंमत ध्यानात ठेवावी. धारिकेत, म्हणजे संगणकावरील फाइलीत, चोवीस बिटांचे नमुने तीन-तीन बाइटांनी दाटून बसवलेले असतात. पण नेहमीच्या संगणकाच्या गणनायंत्राला तीन बाइटांचे माप ठाऊकच नाही. त्याला एक, दोन, चार, आठ एवढीच मापे माहीत. तेव्हा वाचताना प्रत्येक नमुना चार बाइटांच्या घरात हलवावा लागतो, आणि हलवताना ऋणचिन्हाची नीट काळजी घेतली नाही, तर उणे एक हा आकडा दीड कोटीहून मोठी धनसंख्या होऊन बसतो. कानाला तो चाबकाच्या फटकाऱ्यासारखा ऐकू येतो. तसेच १९९१ च्या ‘वेव्ह’ ह्या धारिका-प्रकारात सोळा बिटांची शांतता शून्याने दाखवतात, पण आठ बिटांची शांतता १२८ ह्या आकड्याने. हे न ओळखणारी आज्ञावली शांततेच्या जागी भलतेच काही ऐकवते.

बदल न करण्याचे व्रत

संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्याच्या अनेक भाषा आहेत. त्यांतील एका कुळाला ‘फंक्शनल’ भाषा म्हणतात. जॉन मॅकार्थी ह्यांची १९५८ ची ‘लिस्प’ ही ह्या कुळातली आद्य भाषा. ‘ओकॅमल’ आणि ‘हॅस्केल’ ह्या तिच्या नंतरच्या पिढ्या. हॅस्केलचा पहिला अहवाल १९९० साली प्रसिद्ध झाला. तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी ह्यांच्या नावावरून तिचे नामकरण झाले.

ह्या कुळाचे कुलव्रत असे की एकदा दिलेली किंमत पुन्हा बदलायची नाही. नेहमीच्या भाषेत ‘ह्या डब्यातला आकडा काढ आणि तेथे दुसरा ठेव’ अशी आज्ञा देतात. फंक्शनल भाषेत ‘ह्या आकड्यांपासून असे नवे आकडे होतात’ असे गणिती विधान करतात. जुने आकडे जेथल्या तेथे असतात. ध्वनिजतनाच्या कामाला हे व्रत फार मानवते. मूळ नोंदीला चुकूनही हात लागत नाही; खरखर काढलेली प्रत ही मूळ प्रतीपासून झालेली नवी वस्तू असते. संगीताशीही ह्या भाषांचे जुने नाते आहे. येल विद्यापीठाचे पॉल ह्यूडॅक हे हॅस्केलच्या निर्मात्यांपैकी एक. त्यांनी ‘हॅस्कोर’ ही संगीतरचनेची पद्धती १९९६ साली मांडली, आणि हॅस्केलमधून संगीत शिकवणारे त्यांचे पुस्तक त्यांच्या निधनानंतर, २०१८ साली, प्रसिद्ध झाले.

परंतु प्रत्येक व्रताचा खर्च असतो, तसा ह्याचाही आहे.

साखळीचा सोस

फंक्शनल भाषांतली सर्वांत लाडकी मांडणी म्हणजे ‘लिस्ट’, म्हणजेच साखळी. प्रत्येक कडी दोन गोष्टी धरून असते: आपला आकडा कोठे आहे त्याचा पत्ता, आणि पुढली कडी कोठे आहे त्याचा पत्ता. साखळीवर लिहिलेली आज्ञावली सुबक दिसते, वाचायला सोपी जाते. विद्यार्थ्याला ती प्रथम शिकवतात ते उगीच नव्हे.

पण हिशेब पाहा. आजच्या चौसष्ट बिटी संगणकावर हॅस्केलमध्ये एका कडीला चोवीस बाइट लागतात आणि तिने धरलेल्या आकड्याच्या डबीला आणखी सोळा. एकूण चाळीस. आत असलेला सोळा बिटांचा नमुना मात्र अवघ्या दोन बाइटांचा! एका मिनिटाचे ध्वनिमुद्रण धारिकेत १ कोटी ५ लाख ८४ हजार बाइटांचे असते. तेच साखळीत २१ कोटी १६ लाख ८० हजार बाइट व्यापते. चिमूटभर हळद ठेवायला प्रत्येक वेळी पितळी डबा घ्यावा आणि प्रत्येक डब्याला पुढल्या डब्याची किल्ली बांधावी, तसा हा प्रकार. शिवाय हे डबे स्मृतीत विखुरलेले असतात, म्हणून गणनायंत्राला एकेकाच्या शोधात धावाधाव करावी लागते.

ह्यावर हॅस्केलचे जाणकार एक रास्त उत्तर देतील. ही भाषा आळशी आहे. हवी तेव्हाच कडी घडवते आणि काम झाले की टाकून देते. आकडे एकदाच, ओळीने वापरायचे असतील तर सारी साखळी एका वेळी स्मृतीत उभीच राहत नाही. हे खरे आहे. पण ध्वनीच्या कामात हा योग सहसा टिकत नाही. मंद ध्वनिमुद्रणाचा आवाज वाढवायचा तर आधी सर्वांत उंच नमुना कोणता ते शोधावे लागते आणि मग सर्व नमुने त्या मानाने वाढवावे लागतात. म्हणजे यादीवरून दोनदा जायचे. पहिल्या फेरीत घडलेल्या कड्या दुसऱ्या फेरीसाठी राखाव्या लागतात आणि सारे ओझे एकदम अंगावर येते. एका मिनिटाच्या चाचणीत हे जाणवत नाही. तासाभराचे कीर्तन आले की संगणक मान टाकतो.

ओळीने बांधलेली घरे

ह्याला उपाय म्हणजे ‘अ‍ॅरे’: एकाला लागून एक, समान मापाची, चाळीच्या खोल्यांसारखी ओळीने बांधलेली घरे. दहा हजारावी खोली हवी तर मोजत जावे लागत नाही. पत्ता गणिताने निघतो. मात्र अ‍ॅरेतही तीन जाती आहेत आणि निवड खरी येथेच करायची असते.

पहिल्या जातीत खोलीमध्ये आकडा नसून आकड्याच्या डबीचा पत्ता असतो. ह्या घरात कोणत्याही प्रकारची वस्तू, अगदी न सोडवलेले गणितसुद्धा, ठेवता येते. पण आकड्यांसाठी हा थाट व्यर्थ आहे. साखळीच्या खर्चातून थोडीच बचत होते.

दुसऱ्या जातीत डबी काढून टाकून आकडा थेट खोलीत ठेवतात. तिला ‘अनबॉक्स्ड’ म्हणतात. दोन बाइटांच्या नमुन्याला दोनच बाइट लागतात आणि गणित झपाट्याने होते. ध्वनीवर संस्कार करण्यासाठी ही जात उत्तम. एक बारकावा मात्र आहे. हॅस्केलच्या ‘व्हेक्टर’ ह्या प्रसिद्ध लायब्ररीत डाव्या-उजव्या नमुन्यांच्या जोड्या ह्या जातीत ठेवल्या, तर आतून त्यांच्या दोन वेगळ्या ओळी होतात. धारिकेत मात्र डावा, उजवा, डावा, उजवा असे नमुने आळीपाळीने गुंफलेले असतात. दोहोंत ने-आण करताना फेरमांडणी करावी लागते.

तिसरी जात ‘स्टोरेबल’. तिच्यातही आकडे थेट खोलीत असतात, शिवाय ही चाळ जागची हलत नाही. फंक्शनल भाषांच्या कारभारात एक झाडूवाला सतत फिरत असतो. नको झालेल्या वस्तू तो टाकतो आणि उरलेल्या सरकवून जागा मोकळी करतो. आपल्या भाषेपुरता व्यवहार असेल तर ह्याने काही बिघडत नाही. पण ध्वनिधारिका वाचण्याचे काम बहुधा ‘सी’ भाषेत लिहिलेल्या ‘लिबएसएनडीफाइल’ सारख्या जुन्या, कसोटीला उतरलेल्या लायब्ररीकडे सोपवतात. तिला ‘ह्या पत्त्यावर आकडे आणून टाक’ असे सांगावे आणि मध्येच झाडूवाल्याने घर हलवावे, तर अनर्थच. म्हणून धारिकेच्या उंबरठ्यावर तिसरीच जात शोभते. ओकॅमलमध्ये हेच काम ‘बिगअ‍ॅरे’ करते. तिच्यात घराचे माप, जसे सोळा बिटांचा पूर्णांक किंवा बत्तीस बिटांची तरंगती संख्या, आधीच सांगावे लागते.

बेरजेत दडलेला धोका

माप निवडताना साठवणीचे माप आणि हिशेबाचे माप ह्यांत भेद करावा हे फार महत्त्वाचे. समजा, दोन ध्वनिमुद्रणे मिसळायची आहेत. एका क्षणी दोहोंचा नमुना २०,००० आहे. बेरीज ४०,०००, पण सोळा बिटांत ३२,७६७ च्या वर काही मावत नाही. शेर भरला की धान्य सांडते, तसे येथे होत नाही. येथे माप उलटे फिरते आणि उत्तर येते उणे २५,५३६! गाण्यात फटाका फुटल्यासारखे वाटते आणि ऐकणाऱ्याला वाटते की फीतच खराब होती. हॅस्केलमध्ये ह्याबद्दल कसलीही सूचना मिळत नाही. भाषेच्या नियमाप्रमाणे ते उत्तर बरोबरच असते.

म्हणून हिशेब तरंगत्या संख्यांत करावा आणि अगदी शेवटी पूर्णांकात परतावे. परततानाही सावध असावे. नमुन्याला ३२,७६८ ने भागले की तो उणे एक ते एक ह्यांच्या दरम्यान येतो. संस्कारानंतर एखादा नमुना नेमका एक झाला आणि पुन्हा ३२,७६८ ने गुणला, तर उत्तर मापाच्या एका घराने पुढे जाते आणि तेथूनच पुन्हा उणे टोकाला उडी मारते. मर्यादेबाहेरचा आकडा मर्यादेवरच थोपवून धरणे ही चांगल्या आज्ञावलीची खूण.

येथे एक शंका संभवते. बदल करायचाच नाही, तर एक नमुना सुधारण्यासाठी पन्नास लाखांची नवी ओळ करायची काय? केवळ व्रताच्या शब्दाला धरून बसले तर होय. पण १९९४ साली जॉन लाँचबरी आणि सायमन पेटन जोन्स ह्यांनी एक सुंदर तोड मांडली. बंद खोलीत, कोणी पाहत नसताना, ओळीत हवे ते बदल करावेत. दार उघडताना मात्र ती कायमची गोठवून बाहेर द्यावी. बाहेरच्या जगाला बदल दिसत नाही, म्हणून व्रतही मोडत नाही. सोवळे कसे आणि केव्हा सैल करावे हे आपल्या घरांतल्या जाणत्या बायकांना जसे ठाऊक असते, तसेच हे.

लायब्ररी लिहिणाऱ्याचा धर्म

स्वतःपुरती आज्ञावली लिहिणारा सोय पाहतो. इतरांसाठी लायब्ररी लिहिणाऱ्याला न्याय पाहावा लागतो. सर्व नमुने चौसष्ट बिटांच्या तरंगत्या संख्येतच देईन, असे त्याने ठरवले तर वापरणे सोपे जाते. पण सेकंदाला ९६,००० नमुने, चोवीस बिट आणि दोन बाजू असे तासाभराचे ध्वनिमुद्रण, जे धारिकेत २०७ कोटी बाइटांचे असते, ते स्मृतीत ५५२ कोटींवर जाते. उलट सर्वांना सोळा बिटांतच कोंबले, तर जतन करणाऱ्याने मुद्दाम टिपलेली सूक्ष्मता लायब्ररी मुकाट्याने गिळून टाकते. पहिल्या निर्णयाने जागा वाया जाते. दुसऱ्याने ठेवाच वाया जातो. दुसरे नुकसान अधिक मोठे, कारण ते दिसत नाही.

लिबएसएनडीफाइलने ह्यावर काढलेला मार्ग विचार करण्यासारखा आहे. ती वापरणाऱ्यालाच विचारते: लहान पूर्णांक, मोठा पूर्णांक, लहान तरंगती संख्या, मोठी तरंगती संख्या – ह्या चारांतून काय हवे? हॅस्केलसारख्या भाषेत ही निवड प्रकाराच्या नावातच लिहून ठेवता येते. मग सोळा बिटांच्या ओळीत चोवीस बिटांचा नमुना चुकून शिरत नाही, कारण आज्ञावली चालण्यापूर्वीच भाषा अडवते. धारिका सांगेल ते माप ओळखावे, आपणहून कापाकापी करू नये, आणि मोठे ध्वनिमुद्रण तुकड्या-तुकड्याने वाचण्याची सोय ठेवावी, ही तीन पथ्ये पाळली तर लायब्ररी भरवशाची होते. लांबी मोजण्याचा आकडाही मोठा ठेवावा. वेव्ह धारिका आपली लांबी बत्तीस बिटांत लिहिते, म्हणून ती सुमारे ४२९ कोटी बाइटांपुढे जाऊ शकत नाही. वर सांगितलेल्या प्रतीचे ध्वनिमुद्रण दोन तास चार मिनिटांतच ही वेस गाठते, आणि रंगलेले कीर्तन त्याहून लांबू शकते. अशा वेळी ‘आरएफ-६४’ सारखा प्रकार वापरावा लागतो.

घरच्यांनी काय पाहावे

आपण स्वतः आज्ञावली लिहीत नसलो तरी लिहिणाऱ्याला चार प्रश्न विचारू शकतो. फीत उतरवताना चोवीस बिट आणि सेकंदाला निदान ४८,००० नमुने घेतले काय? ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारसही निदान एवढी आहे. ती पहिली प्रत, खरखरीसकट, जशीच्या तशी वेगळी राखली काय? खरखर काढण्याचा हिशेब तरंगत्या संख्यांत झाला काय? आणि शेवटच्या प्रतीत मर्यादेबाहेरचे आकडे थोपवले काय? चारही उत्तरे ‘होय’ अशी आली तर निश्चिंत असावे.

फीत वाजवण्याची संधी कदाचित एकदाच मिळते. दुसऱ्या खेपेस भुकटी साथ देईलच असे नाही. त्या एका खेपेत जे आकडे हाती येतात, तेच पुढच्या पिढीला मिळणारा आजींचा आवाज. मुंज झालेल्या नातवाला, परदेशी गेलेल्या पणतीला आपल्या घराण्याची मराठी कशी वाजत होती हे कळायचे असेल, तर ते त्या आकड्यांतूनच कळेल. धान्य चिपट्याने मोजावे की पायलीने, हे धान्य पाहून ठरवण्याची रीत आपल्या घरांत होतीच. सुराच्या बाबतीतही तीच रीत चालवावी.